२८० ची हद्द

आमच्या शाळेतल्या दहावीच्या एका मुलाच्या वहीचं शेवटचं पान गेल्या महिन्यात माझ्या हाती लागलं. वही उर्दू निबंधाची. शेवटच्या पानावर मात्र पेन्सिलीनं काढलेली एक गाडी होती. मागे चार गोल दिवे, वर मोठा पंखा, आणि खाली लिहिलेलं, "स्कायलाईन जीटी-आर, १००० हॉर्सपॉवर." मी रागावणार असं त्याला वाटलं असावं. पण चित्र खरोखर चांगलं होतं, म्हणून मी विचारलं, "ही गाडी कुठे पाहिलीस?" मोबाईलवरच्या गेममध्ये आणि व्हिडिओत, असं उत्तर आलं. मग त्यानंच मला एक प्रश्न विचारला.

"सर, कंपनीनं या गाडीला २८० ची ताकद दिली होती. लोक त्याच इंजिनातून हजार काढतात. मग कंपनीच्या इंजिनियरांना येत नव्हतं का?"

मी भाषेचा शिक्षक आहे. गाडीचं बॉनेट उघडून मला फार काही कळतं असं नाही. पण प्रश्न इतिहासाचा होता आणि पोरगं खरंच विचारत होतं. त्या प्रश्नामागे मी महिनाभर वाचत राहिलो. जे हाती लागलं ते त्याला सांगितलं, आणि आता इथे मांडतो आहे.

उत्तराची सुरुवात मोटारीपासून होत नाही. ती होते विमानापासून.

दुसऱ्या महायुद्धात जपानच्या नाकाजिमा कंपनीनं 'होमारे' नावाचं एक विमान-इंजिन बनवलं. अठरा सिलिंडर, आकारानं आटोपशीर, आणि ताकद सुमारे २००० अश्वशक्तीची. त्याच्या रचनेमागचे प्रमुख अभियंते होते र्‍योइची नाकागावा. कागदावर हे इंजिन जगातल्या उत्तम इंजिनांच्या रांगेत बसणारं होतं. पण ते ज्या दर्जाचं पेट्रोल गृहीत धरून आखलं होतं, ते पेट्रोल युद्धात जपानला मिळेना. चांगलं वंगण मिळेना, मिश्रधातू मिळेनात, कसलेले कामगार सैन्यात भरती झालेले. परिणामी कागदावरचे २००० घोडे आकाशात पुरते उतरलेच नाहीत. इंजिनं बिघडत राहिली, विमानं जमिनीवर उभी राहिली.

हा प्रसंग मी मुद्दाम आधी सांगतो आहे, कारण पुढची सगळी कहाणी याच धड्याभोवती फिरते. ताकद ही इंजिनावर कोरलेली संख्या नसते. इंधन, तेल, धातू, थंडावा आणि हात हे सगळं तिला पेलत असेल, तेवढीच ती खरी.

१९४५ मध्ये जपान हरला. दोस्त राष्ट्रांनी विमानं बनवायला बंदी घातली आणि ती १९५२ पर्यंत टिकली. हजारो विमान-अभियंते एका रात्रीत बेकार झाले. नाकाजिमाचे तुकडे झाले. त्यातल्या काही तुकड्यांतून पुढे सुबारू ही मोटार जन्मली, आणि इंजिनं बनवणारा एक भाग 'फुजी प्रिसिजन' या नावानं उभा राहिला. तिकडे ताचिकावा या दुसऱ्या विमान कंपनीतल्या लोकांनी १९४७ मध्ये 'तामा' नावाची चक्क विजेवर चालणारी मोटार काढली, कारण पेट्रोलच मिळत नव्हतं. १९५० मध्ये कोरियाचं युद्ध सुरू झालं, बॅटरीत लागणारं शिसं महागलं आणि विजेची गाडी परवडेनाशी झाली. मग त्यांनी पेट्रोल इंजिनासाठी फुजी प्रिसिजनचं दार ठोठावलं. १९५२ मध्ये युवराज अकिहितो यांचा युवराजपदाचा सोहळा झाला, त्या निमित्तानं कंपनीनं 'प्रिन्स' हे नाव घेतलं. १९५४ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि १९५७ मध्ये त्यांनी एक नवी मोटार बाजारात आणली. तिचं नाव 'स्कायलाईन'. ज्यांच्याकडून आभाळ काढून घेतलं होतं, त्यांनी गाडीला क्षितिजाचं नाव दिलं.

आता आपल्या विषयाकडे, म्हणजे गाडीत फेरफार करण्याकडे येऊ. या गाडीतला पहिला मोठा फेरफार कुठल्या गॅरेजवाल्यानं केलेला नाही, तो कंपनीनंच केला. १९६४ च्या मे महिन्यात सुझुका इथे दुसरी 'जपान ग्रां प्री' शर्यत होती. स्कायलाईनचं इंजिन होतं १५०० सीसीचं, चार सिलिंडरचं. प्रिन्सकडे 'ग्लोरिया' नावाच्या मोठ्या गाडीचं सहा सिलिंडरचं, जवळजवळ २००० सीसीचं इंजिन होतं, पण ते स्कायलाईनच्या नाकात मावेना. शिनइचिरो साकुराई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाडीचं पुढचं अंग कापलं, ते २० सेंटिमीटरनं लांबवलं आणि त्यात ते लांब इंजिन बसवलं. शर्यतीच्या नियमात बसण्यासाठी अशा शंभर गाड्या बनवल्या.

शर्यतीत समोर जर्मनीची पोर्शे ९०४ होती, शर्यतीसाठीच बनवलेली. एका फेरीत तेत्सु इकुझावा यांची स्कायलाईन त्या पोर्शेच्या पुढे गेली. एकच फेरी! प्रेक्षक उभे राहिले. शेवटी पोर्शेच जिंकली, पण दुसऱ्यापासून सहाव्या क्रमांकापर्यंत सगळ्या स्कायलाईन होत्या. घरगुती चारदारी गाडीनं शर्यतीच्या गाडीला काही क्षण मागे टाकलं, ही गोष्ट जपानी माणूस विसरला नाही. स्कायलाईनभोवती जी भक्ती पुढे जमली तिचं मूळ त्या एका फेरीत आहे.

१९६६ मध्ये प्रिन्स कंपनी निसानमध्ये विलीन झाली. १९६९ मध्ये शर्यतीच्या गाडीपासून घेतलेलं २४ व्हॉल्व्हचं, १६० अश्वशक्तीचं इंजिन स्कायलाईनमध्ये बसवलं गेलं आणि 'जीटी-आर' हे नाव जन्मलं. पुढच्या तीन-चार वर्षांत तिचे देशांतर्गत शर्यतींतले विजय पन्नासच्या घरात गेले.

मग दारं बंद झाली. जपानच्या शहरांत धुराचा त्रास इतका वाढला होता की सरकारनं धुराड्यातून निघणाऱ्या वायूंवर एकापाठोपाठ एक कडक नियम आणले. १९७३ ची दुसरी जीटी-आर या नियमांपुढे टिकली नाही, अवघ्या १९७ गाड्या बनवून तिचं उत्पादन थांबलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात अरब देशांनी तेलाची नाकेबंदी केली आणि पेट्रोल महागलं. वेग हा शब्दच लाजिरवाणा ठरला. पुढची सोळा वर्षं जीटी-आर हे नाव कुठल्याही नव्या गाडीवर लागलं नाही.

या बंद दारातून जी वस्तू आत आली ती म्हणजे टर्बो.

टर्बोची कल्पना जुनी आहे. स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूशी यांनी १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. कल्पना साधी आहे. इंजिनात पेट्रोल जळतं आणि त्याचा गरम वायू धुराड्यातून वाया जातो. त्या वायूच्या वाटेत एक छोटं चक्र ठेवायचं. वायूच्या झोतानं ते फिरतं, मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त गेली की तेवढं पेट्रोल जास्त जाळता येतं आणि ताकद वाढते. दाबलेली हवा तापते, म्हणून तिला वाटेत थंड करण्यासाठी एक जाळी लावतात, तिला इंटरकूलर म्हणतात. आणि हवा किती दाबली, त्या दाबाला बूस्ट.

जपानच्या रस्त्यावरच्या मोटारीत टर्बो पहिल्यांदा आला तो १९७९ मध्ये, निसानच्या सेड्रिक आणि ग्लोरिया या गाड्यांत. गंमत अशी की तो वेगासाठी आणला असं म्हणायची सोय नव्हती. वाया जाणाऱ्या वायूचा उपयोग करून लहान इंजिनातून काम काढतो, म्हणजे इंधन वाचवतो, अशी बाजू मांडली गेली. त्यामागे कराचंही गणित होतं. २००० सीसीच्या वरच्या इंजिनाला तेव्हा जपानमध्ये वार्षिक कर दुपटीहून जास्त पडे. त्यामुळे सामान्य माणसाची गाडी २००० सीसीच्या आतच राही, आणि त्या हद्दीत राहून ताकद वाढवायची तर टर्बोसारखं साधन नव्हतं. १९८० मध्ये स्कायलाईनलाही टर्बो मिळाला. १९८३ च्या स्कायलाईन आरएस टर्बोनं २००० सीसीतून १९० अश्वशक्ती दिली, पुढच्या वर्षी इंटरकूलर लावून २०५.

एव्हाना कंपन्यांच्या बाहेरही एक जग उभं राहत होतं. १९७३ मध्ये, म्हणजे नेमक्या तेलटंचाईच्या वर्षी, यामाहामध्ये काम केलेले हिरोयुकी हासेगावा यांनी फुजी पर्वताच्या पायथ्याशी दूधदुभत्याच्या एका गोठ्यात इंजिनं सुधारण्याचं काम सुरू केलं. त्या कंपनीचं नाव 'एचकेएस'. वर्षभरात त्यांनी साध्या मोटारीला बाहेरून बसवता येईल असा टर्बोचा संच विकायला काढला. मग अशी दुकानं गावोगावी निघाली. १९८१ मध्ये दाइजिरो इनादा यांनी 'ऑप्शन' हे मासिक सुरू केलं. याताबे इथल्या संशोधन संस्थेच्या गोल चाचणी-मार्गावर ही मंडळी आपापल्या गाड्या घेऊन जमत आणि ताशी ३०० किलोमीटरचा आकडा गाठायचा प्रयत्न करत. कधी गाठत, बहुतेकदा इंजिन फोडून परत येत. फुटलेल्या इंजिनातून शिकत. त्यांचं विद्यापीठ तेच होतं.

पण सगळे याताबेला जात नव्हते. टोकियोच्या खाडीलगतच्या 'वांगान' महामार्गावर, डोंगरातल्या घाटांवर रात्री शर्यती लागत. तिथे चाचणी-मार्ग नव्हता. तिथे रात्रपाळी संपवून घरी निघालेला ट्रकवालाही होता.

इथे आपण आपल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नापाशी येतो.

जपानमध्ये रस्ते अपघातात मरणाऱ्यांची संख्या १९७० मध्ये १६,७६५ वर पोचली होती. त्या काळाला तिथे 'वाहतुकीचं युद्ध' म्हणत. पुष्कळ कष्टानं ती साडेआठ हजारांच्या आत आणली. पण १९८८ मध्ये ती पुन्हा दहा हजारांच्या वर गेली. त्याच वेळी कंपन्यांत ताकदीची चढाओढ लागली होती. सरकारच्या दबावाखाली वाहन उत्पादकांनी आपसात ठरवलं की कुठलीही मोटार २८० अश्वशक्तीच्या वर जाहीर करायची नाही. १९८९ च्या निसान फेअरलेडी झेडनं २८० गाठले आणि तीच हद्द ठरली. वेगालाही ताशी १८० किलोमीटरचा लगाम होताच. हा कायदा नव्हता, शब्द होता. तो शब्द पंधरा वर्षं टिकला.

त्याच १९८९ च्या ऑगस्टमध्ये सोळा वर्षांनी जीटी-आर परत आली. आमच्या विद्यार्थ्यानं काढलेली गाडी हीच, 'आर३२'. तिच्या विकासाची धुरा नागानोरी इतो यांच्याकडे होती. इंजिन होतं 'आरबी२६', सहा सिलिंडर एका रांगेत, दोन टर्बो, क्षमता २५६८ सीसी. जाहीर ताकद, अर्थातच, २८०.

हा २५६८ आकडा विचित्र वाटतो. त्याचा उगम शर्यतीच्या नियमात आहे. 'ग्रुप ए' नावाच्या शर्यतीत टर्बो गाडीची क्षमता १.७ नं गुणून धरत. २५६८ ला १.७ नं गुणा, ४३६६ येतात. म्हणजे ४५०० सीसीच्या गटात ती बसली. त्या गटात किती वजन आणि किती रुंद टायर चालतात, हे पाहून इंजिन आखलं होतं. ग्रुप एची दुसरी अट अशी की शर्यतीची गाडी बाजारात विकल्या जाणाऱ्या गाडीवरूनच बनवलेली असावी. म्हणून अभियंत्यांनी शर्यतीत लागणारी मजबुती रस्त्यावरच्या गाडीतच घालून ठेवली. जाड ओतीव लोखंडाचा ब्लॉक, भक्कम क्रँक, गरजेप्रमाणे पुढच्या चाकांनाही ताकद देणारी चारचाकी यंत्रणा. शर्यतीत हेच इंजिन ५०० च्या बरंच पुढे जाणार, हे ते आखतानाच त्यांना माहीत होतं.

तेव्हा "येत नव्हतं का?" याचं उत्तर असं आहे. येत होतं, आणि त्यांनी ते देऊनही ठेवलं होतं. फक्त दार लावून किल्ली काढून घेतली होती.

ती किल्ली किती लहान होती ते पाहा. आर३२ च्या बूस्टचं नियंत्रण करणाऱ्या रबरी नळीत एक चिमुकला तुकडा बसवलेला होता, मध्ये बारीक भोक असलेला. तेवढा काढला की हवेचा दाब सुमारे पाऊण किलोवरून एक किलोच्या आसपास जाई. प्रत्यक्ष मोजणीत जी गाडी मुळातच ३०० च्या पुढे निघे, ती धुराडं मोकळं करून आणि संगणकाचं गणित बदलून साडेतीनशेच्या पुढे जाई. खर्च बेताचा, काम एका दिवसाचं. पोरांना वाटे, एवढंच?

एवढंच नव्हतं. त्या टर्बोचं धुराड्याकडचं चक्र सिरॅमिकचं होतं, हलकं म्हणून चटकन फिरणारं. पण दाब एक किलोच्या वर नेला की ते तडकून दांड्यावरून सुटे. निसाननं १९९० मध्ये शर्यतीसाठी ५०० गाड्यांची जी खास आवृत्ती विकली, तिच्यात म्हणूनच धातूची चक्रं होती. बरं, चक्रं बदलली. आता हवा जास्त जाते, तर पेट्रोलही तेवढं हवं. ते कमी पडलं तर सिलिंडरमधलं मिश्रण वेळेआधी भडकतं, 'नॉकिंग' होतं आणि पिस्टनला भोक पडतं. म्हणून मोठे इंजेक्टर, मोठा पंप. मग दाबानं हेडचं गास्केट उडतं, म्हणून धातूचं गास्केट. मग घडीव पिस्टन. सुरुवातीच्या आर३२ मध्ये क्रँकवरून तेलाचा पंप फिरवणारा भाग अरुंद होता. फेरे खूप वाढवले की पंप तुटे आणि तेलाविना इंजिन काही सेकंदांत संपे. तो बदलायचा. मग क्लच घसरतो. मग गिअरबॉक्स. आणि गाडी पूर्वीपेक्षा लवकर २०० ला पोचते, म्हणजे तिला थांबवायला ब्रेक, टायर, सस्पेन्शन सगळंच नवं.

हजार अश्वशक्तीच्या ज्या गाड्या मुलं व्हिडिओत पाहतात, त्यांत मूळ ब्लॉक सोडला तर जुनं फार थोडं उरलेलं असतं. तोही पुष्कळदा अधिक जाड भिंतीचा, शर्यतीसाठी ओतलेला असतो. चांगले ट्यूनर म्हणूनच आधी ब्रेक आणि थंडावा पाहतात, मग बूस्टला हात लावतात. होमारे इंजिनाचा धडा पन्नास वर्षांनी गॅरेजात परत शिकवला गेला. पेलणारं आधी वाढवा, मग ताकद वाढवा. उर्दूत यासाठी आमच्याकडे एक सुंदर शब्द आहे, मीज़ान. म्हणजे तराजू, आणि तोल. एका पारड्यात टाकलंत तर दुसऱ्यात टाकावंच लागतं.

शर्यतीत काय झालं ते सर्वश्रुत आहे. १९९० ते १९९३ या चार हंगामांत जपानच्या ग्रुप ए स्पर्धेच्या २९ शर्यती झाल्या. २९ ही आर३२ नं जिंकल्या. काझुयोशी होशिनो यांची निळी गाडी घराघरात पोचली. ऑस्ट्रेलियात बॅथर्स्टची प्रसिद्ध शर्यत तिनं १९९१ आणि १९९२ अशी लागोपाठ जिंकली. तिथल्या एका मासिकानं तिला 'गॉडझिला' म्हटलं आणि ते नाव चिकटलं. तिच्यावर जादा वजन लादून पाहिलं, तरी ती जिंकत राहिली.

२८० ही यंत्राची हद्द नव्हती, याचा आणखी एक पुरावा टोयोटाच्या सुप्रात आहे. १९९३ च्या सुप्राचं तीन लिटरचं टर्बो इंजिन जपानमध्ये २८० चं होतं. तेच इंजिन, थोड्या फरकांसह, अमेरिकेत ३२० चं म्हणून विकलं जात होतं. समुद्र ओलांडला की चाळीस घोडे वाढत. म्हणजे हद्द लोखंडात नव्हती, देशात होती. ती त्या दहा हजार प्रेतांच्या आकड्यात होती.

आणि सरकारनं फेरफार करणाऱ्यांना कायम गुन्हेगारच ठरवलं, असंही नाही. जपानमध्ये प्रत्येक मोटारीला ठराविक वर्षांनी 'शाकेन' नावाची कडक तपासणी असते. नव्या गाडीला तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. पूर्वी छोट्याशा बदलालाही परवानगीची किचकट वाट होती, म्हणून पुष्कळ काम चोरूनमारून चाले. १९९५ मध्ये नियम सैल केले. ठरावीक भाग वेगळ्या परवानगीशिवाय बदलता येऊ लागले, पण आवाज, धूर आणि सुरक्षा यांच्या मर्यादा पाळूनच. गॅरेजं उजेडात आली. तपासणीला उतरतील असे सायलेन्सर कंपन्या बनवू लागल्या. पुढे २००४ मध्ये होंडानं ३०० अश्वशक्तीची लेजंड गाडी काढली आणि २८० चा करार संपला. तोवर रस्त्यावरचे मृत्यू पुष्कळ उतरले होते. २०२२ मध्ये जपानमध्ये अपघातानंतर चोवीस तासांच्या आत दगावलेल्यांची संख्या होती २,६१०.

त्याच २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. आपली लोकसंख्या जपानच्या अकरापटीहून जास्त आहे आणि दोन्हीकडे मोजण्याची पद्धत वेगळी आहे, हे धरूनही हा आकडा गळ्यात अडकतो.

हे सगळं मी त्या मुलाला चार दिवस, मधल्या सुट्टीत थोडं थोडं सांगितलं. वर्गातली आणखी पाच-सहा मुलं येऊन बसू लागली होती. शेवटच्या दिवशी मी म्हटलं, "बघ बेटा, हद्दी दोन असतात. एक यंत्राची. ती ओलांडलीस तर पिस्टनला भोक पडतं, तुला लगेच कळतं. अक्कल आणि मेहनत असेल तर ती हद्द पुढे सरकवता येते, हजारापर्यंत. दुसरी हद्द रस्त्याची. ती गाडीत नसतेच. समोरून सायकलवर येणाऱ्या माणसात असते. तुझं यंत्र कितीही चांगलं झालं तरी त्या माणसाची हाडं तेवढीच राहतात. म्हणून २८० ची रेघ इंजिनियरांनी इंजिन पाहून ओढली नव्हती."

तो गप्प होता. मग मित्रानं त्याला कोपरानं ढोसलं आणि म्हणाला, "सर, याच्या भाईजाननं गाडीला फटाके फोडणारा सायलेन्सर बसवलाय."

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीनं नोंदवलेल्या रचनेत परस्पर बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. आपल्याकडे जपानच्या १९९५ सारखी मोकळी आणि तपासून घेण्याची वाट नाही, ही खंत मला आहे. ती असती तर हौशी आणि हुशार पोरांच्या हातांना सरळ काम मिळालं असतं. पण हे सगळं मी त्याला सांगितलं नाही. दंडाची भीती त्या वयात फार टिकत नाही. मी एवढंच विचारलं, "सायलेन्सर बदलला. ब्रेक पाहिले का? टायर?"

दुसऱ्या दिवशी तो आपणहून आला. "सर, मागचा टायर पार गुळगुळीत झालाय. नक्षीच नाही. भाईजान म्हणतो, टायरला आत्ता पैसे नाहीत. सायलेन्सरला होते."

मी म्हटलं, "घरी कधी असतो तुझा भाऊ?"

जुम्म्याला असतो म्हणाला. नमाज झाल्यावर जाणार आहे. सायलेन्सरबद्दल आधी बोलणार नाही. आधी टायरचं बघू.